चंद्रव्वाने मोजलेला थकवा

पोराला दृष्टीपासून कसं राखायचं, हे अख्ख्या सोलापुरात चंद्रव्वाइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं! पोर कितीही धडधाकट असू दे, कुणी विचारलं की म्हणायचं, "कशाचं काय, लई वाळलाय बगा." बस्स! दृष्ट दारातूनच माघारी!

याच जोरावर आपला गुरुराज वैमानिक झाला, अशी तिची पक्की खात्री. सोमवारी तो पहिल्यांदा कॅप्टन म्हणून विमान नेणार होता आणि त्याआधी झोपा काढायला घरी आला होता. वैमानिक किती दमतात ते मोजायला कंपनीने त्याच्या मनगटावर पट्टा बांधलेला. झोप किती, जाग किती, सगळं मुंबईच्या डॉक्टरीणबाईंना कळे. शिवाय त्या घरच्यांनाही फोन करून विचारत.

रविवारी सकाळी गुरुराज अंघोळीला गेला आणि चंद्रव्वाचा फोन वाजला.

"आई, कॅप्टनची झोप होते ना नीट?"

एवढ्या मोठ्या बाईने थेट पोराच्या झोपेवरच बोट ठेवलं! चंद्रव्वाने घाईघाईने आपला नेहमीचा उपाय काढला.

"कशाची झोप, बाई! लई दमलाय. जेवता जेवता पेंगतोय. घास हातात तसाच ऱ्हातोय!"

गुरुराज डोकं पुसत आला, तर त्याच्या फोनवर डॉक्टरीणबाईंचा निरोप हजर.

"अव्वा, काय सांगितलंस गं त्यांना?"

"समद्यांना सांगते तेच की!"

"अगं, त्या काय शेजारच्या ईरम्मा हायत व्हय? आता व्हिडिओवर तपासणार हायत मला. दमलेला दिसलो तर उद्याचं विमान गेलं!"

एवढं संकट? म्हणजे दृष्ट लागलीच! चंद्रव्वाने मीठ-मिरच्या मुठीत घेतल्या, पोरावरून उतरवल्या आणि तापल्या तव्यावर फेकल्या. धूर असा उठला, जणू साखर कारखान्याची चिमणी स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली! तेवढ्यात व्हिडिओ सुरू झाला.

"कॅप्टन, पट्टा म्हणतो झोप छान झाली. मग डोळे असे लालभडक का?"

"मॅडम, ते मिर... ठ्याक्! ठ्याक्!"

"अरे देवा, बोलवतही नाही! आई म्हणाल्या तेच खरं."

पोराचं विमान डोळ्यांदेखत हातचं चाललं! दृष्ट गेली खड्ड्यात, म्हणत चंद्रव्वाने फोन हिसकावला.

"बाई, मी खोटं बोलले! पोरगं दगडावानी झोपतंय! पाच-पाच भाकऱ्या हाणतंय! आन घोरतंय असं, की ईरम्माच्या मांडणीवरची पातेली खाली येत्यात!"

जन्मात पहिल्यांदा तिने पोराचं कौतुक केलं होतं. काय हलकं वाटलं!

"घोरतात?" डॉक्टरीणबाई सावरून बसल्या. "मग आधी त्याचीच तपासणी. घोरणाऱ्याची झोप खरी नसते."

धुराने ठसकत सगळी गल्ली दारात जमलेली, ईरम्मा सगळ्यांत पुढे. चंद्रव्वाने त्यांच्याकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

"घोरणारी मी हाय, बाई."

"व्हय, व्हय!" ईरम्मा बाहेरून ओरडली. "खोटं वाटत आसंल तर रातीला फोन लावा, भिंतीपल्याडनं ऐकवते!"

डॉक्टरीणबाई हसून हसून लाल झाल्या. धूर निवळल्यावर त्यांनी गुरुराजची फोनवर ठिपका दिसला की लगेच बटण दाबायची परीक्षा घेतली. पोरगं झोकात पास! सोमवारी त्याने विमान असं उतरवलं, की प्रवाशांच्या पेल्यातलं पाणीसुद्धा हललं नाही म्हणे.

चंद्रव्वाला मात्र आता गल्लीत जो तो विचारतो, "काय अव्वा, झोप झाली का?"

तिची झालेली असते. गल्लीची राहिलेली असते.