गायरानाचा कर्ब

उकंडरावांनी गोठ्याच्या भिंतीला पडलेलं घुशीचं भोक बुजवलं, हात धुतले आणि चहा मागितला. जनकाबाईंनी आधी भोकाकडं पाहिलं, मग ओसरीकडं. ओसरीत कालपासून चार पिशव्या होत्या. आजही चारच होत्या, पण जरा जास्तच फुगलेल्या.

"माती कोन्ती लावली हो?"

"ओसरीतली. बारीक चाळेल होती. पिशव्या पुन्हा भरून ठेवल्या ना. माती तं मातीच."

ती माती अर्पिताची होती. कुठल्या रानात मातीचा कस ठरवणारा सेंद्रिय कर्ब किती उरलाय, हे मोजायला ही मुलगी बुलढाण्याहून वरवट बकालला आली होती. अर्जुनरावांची बीटी कपाशी, पुंजाजींची संत्र्याची बाग, जनकाबाईंचं ज्वारी-तुरीचं रान आणि गावाचं गायरान, अशा चार ठिकाणचे नमुने तिनं काढले होते आणि जीप येईपर्यंत जनकाबाईंच्या ओसरीत ठेवले होते. नवरा चारही ठिकाणी जाऊन नवी माती घेऊन आला असेल, असं जनकाबाईंना वाटलं. तीस वर्षं संसार करूनही असं वाटलं, ही चूक त्यांचीच. दुपारी जीप आली आणि पिशव्या गेल्या.

महिन्याभरानं ग्रामसभेत अहवाल वाचला गेला. चारही ठिकाणी कर्ब अगदी सारखा, आणि भरपूर.

"असं सहसा होत नाही," अर्पिता गोंधळून म्हणाली.

अर्जुनराव मात्र लगेच उठले. बीटी आल्यापासून गावात कपाशीशिवाय दुसरं पीक नावाला उरलं होतं, आणि त्यांचा डोळा आता गायरानावर होता. "कपाशीनं माती खराब होत नाही, हे कागदानंच सांगतलं. मंग गायरान कायले पडीक ठेवाचं? नांगरून टाकू."

एकेक हात वर होऊ लागला. जनकाबाईंच्या अकरा शेळ्या त्याच गायरानावर जगत होत्या. त्यांनी वळून नवऱ्याकडं पाहिलं. उकंडराव चपलेचा अंगठा तपासत बसले होते.

"पिशव्या कुठून भरल्या होत्या?" जनकाबाईंनी हळूच विचारलं.

"उकिरड्याच्या कडंनं. जवळ होता."

जनकाबाई उभ्या राहिल्या. "हात खाली घ्या सारे. हा कागद आमच्या उकिरड्याचा हाय." आणि त्यांनी भोकापासून पिशवीपर्यंत सगळं सांगितलं. सभा पोट धरून हसली.

"घरची इज्जत काढून राह्यली तू," उकंडराव पुटपुटले.

अर्जुनराव हसले नव्हते. "वहिनी, कागदावर सही-शिक्का हाय. तो काही बदलत नाही आता."

"मंग त्या कागदानं आमचा उकिरडा नांगरा अन् पेरा त्यात कपाशी. गायरानाले हात लागू देणार नाही मी."

अर्पिताचा चेहरा पडला होता, पण ती रागावली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं चारही ठिकाणी पुन्हा खड्डे घेतले. जनकाबाई प्रत्येक खड्ड्यावर उभ्या होत्या. पिशव्या ड्रायव्हर मेहबूबच्या जीपमध्ये चढल्या तेव्हा त्याही चढल्या आणि चारही पिशव्या मांडीवर घेऊन बसल्या.

"मावशी, मागं ठेवा ना. काही होत नाही त्यायले," मेहबूब म्हणाला.

"एकदा ठेवल्या होत्या," जनकाबाई म्हणाल्या, आणि बुलढाण्यापर्यंत पाय आखडले तरी हलल्या नाहीत.

नवा अहवाल आला. गायरान पहिलं, संत्र्याची बाग दुसरी, जनकाबाईंचं रान तिसरं, कपाशी शेवटी. गायरान नांगरायचा विषय तिथंच बारगळला.

"एवढं बोंबलून तुमचं तिसरंच आलं की," अर्जुनरावांनी टोमणा मारलाच.

तो लागला. आपली माती म्हणजे लोणी, असं जनकाबाई गावभर सांगत आल्या होत्या. पण मान काही खाली गेली नाही. "पयल्या कागदात मी तुमच्या बरोबरीनं पयली होती, भाऊजी. खोटंच पायजे असतं तं तवाच गप बसली नसती का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शेळ्या सोडल्या आणि नेहमीची वाट टाकून अर्जुनरावांच्या दारावरून वळवल्या.

"इकून काऊन?" मागून येणाऱ्या उकंडरावांनी विचारलं. "लांब पडते ना."

"पडू द्या. अकराच्या अकरा दिसल्या पायजेत त्यायले," जनकाबाई म्हणाल्या, आणि त्या दारासमोर त्यांनी चाल आणखी हळू केली.