इकडचं टेबल तिकडे

"करतो सुरू, साहेब," असं फोनवर म्हणून त्याने कळ दाबली आणि ऐटीत खुर्चीला रेलला.

तो एका मोठ्या लॉन्ड्रीचे संगणक सांभाळायचा. दुकानांत आलेला कुठला कपडा कुणाचा, हे क्लाउडवरच्या एका टेबलात लिहिलेलं असे. ते टेबल आज या शहराच्या रीजनमधून, म्हणजे इथल्या सर्व्हर-केंद्रातून, दूरच्या रीजनमध्ये कॉपी करायचं होतं. त्यासाठीची स्क्रिप्ट, म्हणजे ते काम करणारा छोटा प्रोग्राम, त्याच्या बायकोने लिहिली होती. ती याच कंपनीत, पण त्या दूरच्या शहरातल्या ऑफिसात. लग्न झाल्यापासून बिचाऱ्यांचा संसार फोनवरच चालला होता. साहेबांनी मात्र शब्द दिला होता, "टेबल धडपणे तिकडे पोचलं की पाठोपाठ तुमची बदली." त्यामुळे टेबलापेक्षा त्यालाच तिकडे जायची घाई होती.

स्क्रिप्ट दोनच प्रश्न विचारायची. कुठून? त्याने लिहिलं, इकडून. कुठे? तिकडे. मग ती 'तिकडचं' टेबल पुसून त्यात 'इकडचं' सगळं ओतायची. पडद्यावर 'झालं' असं उमटलं आणि लगेच फोन वाजला. सासूबाईंचा.

"जावईबापू, माझा कोट तयार आहे म्हणे."

"कोट? तुम्ही कधी टाकलात, आई?"

"मी कशाला टाकतेय! मेसेज आलाय. हा बघा, आता पडदे आले. आता परत कोट. अहो, थांबतच नाहीयेत हो!"

त्याने टेबल उघडलं आणि त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. शहरातला झाडून सगळा कपडा एकाच मालकिणीचा झाला होता. नाव 'आई', नंबर सासूबाईंचा. त्याने लगेच बायकोला फोन लावला.

"अगं, अख्खं गाव तुझ्या आईच्या नावावर झालंय!"

"काय? ती तर माझी टेस्टिंगची नावं! चाचणीला खऱ्या कपड्यांची यादी घेतली होती; गिऱ्हाइकांना चुकून मेसेज जायला नकोत म्हणून सगळीकडे आईचा नंबर टाकला होता. पण ते इकडच्या टेबलात होतं. तू काय लिहिलंस?"

"इकडून तिकडे."

"अरे देवा! तिकडून इकडे लिहायचं ना!"

"मी इकडे बसलोय!"

"इकडे मी बसलेय! स्क्रिप्ट कुणी लिहिली?"

इतक्यात साहेब दार ढकलून आत आले. चेहरा पांढराफटक.

"अहो, दुकानात एक वकील बनियनवर उभे आहेत. कोर्टात पुकारा व्हायची वेळ झालीय आणि कोट मिळत नाहीये. मशीन म्हणतंय, कोट आईचा. ही आई कोण?"

"माझ्या सासूबाई, साहेब."

साहेब मटकन खाली बसले. याच्या डोळ्यांपुढे नोकरी, बदली, संसार, सगळंच पुसलं जात होतं. बायकोने मात्र डोकं शांत ठेवलं. झाल्या गोष्टीच्या आधीचं टेबल क्लाउडकडून परत मागून घेता येतं, हे तिला ठाऊक होतं. तिने ते मागवलं. शेवटी कपडे आपापल्या मालकांकडे परतले, वकिलांना कोट चढला आणि टेबलही, या वेळी शहरांची नावं लिहून, सुखरूप पोचलं.

साहेबांनी घाम पुसला. "हे इकडे-तिकडे आता बंद! नवरा-बायको एका जागी बसा, म्हणजे इकडे म्हणजे इकडेच राहील." आणि त्यांनी तिथल्या तिथे बदलीचा हुकूम काढला.

आनंदाने त्याला रडूच फुटलं. त्याने बायकोला फोन लावला, तर ती आधीच ओरडली, "अरे, ऐक! आमच्या मॅडम जाम भडकल्या. म्हणाल्या, दोघांना एकत्र ठेवल्याशिवाय हा घोळ थांबायचा नाही. माझी बदली झाली! हुकूम निघालासुद्धा! मी येतेय तिकडे!"

त्याच्या हातातला कागद गळून पडला.

"तिकडे म्हणजे कुठे?" त्याने घाबरत विचारलं.

"तिकडे म्हणजे तुझ्याकडे! का रे?"

"अगं, मी... मी पण तिकडेच निघालोय."

मग दोघंही एकदम किंचाळली, "तू जागचा हलू नकोस!" "तू जागची हलू नकोस!"

आणि त्यांनी एकमेकांचं ऐकलं, तेही अगदी तंतोतंत. दोघांनीही आपापली बदली रद्द करून घेतली.