पेशंटच्या हातचा फेटा

माझ्या वडिलांना, म्हणजे चौसाळ्याच्या रेवणप्पा कापडवाल्यांना, जो आजार झाला तो दहा लाखांत एकाला होतो. हृदयाजवळच्या रक्तवाहिनीची भिंत आतून झिजत चालली होती. "कापड विरतं तसं," अप्पा म्हणाले. त्यांना डॉक्टरांच्या आधी समजलं. पुण्याच्या डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या : महिन्याभरात शस्त्रक्रिया, अठरा लाख रुपये, आणि तोवर हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत.

सरकारी योजनेच्या कक्षातल्या साहेबांनी यादीवरून बोट फिरवलं.

"आजार न्हाई यादीत."

"दुर्मीळ आहे, म्हणूनच तर..."

"तेच म्हणतो ताई. दोन-चारशे जणांना व्हावा लागतो, मग प्रस्ताव जातो. तुमच्या वडलांनी जरा घाई केली."

त्यांच्या बोलण्यात तशी चूक काढता येत नव्हती. घरातलं सोनं मोडून सहा लाख झाले. उरलेल्या बारा लाखांसाठी अप्पांचे शाळेतले मित्र अंगदकाका यांनी 'रेवणप्पा शस्त्रक्रिया साहाय्य समिती' स्थापन केली. अध्यक्ष ते, उपाध्यक्ष सात. रुग्णाला विशेष निमंत्रित म्हणून घेण्यात आलं.

पहिली देणगी खताचे दुकानदार त्रिंबकशेठ यांची, अकरा हजार. आपल्याकडे देणाऱ्याला उघड्या डोक्यानं परत पाठवत नाहीत. अंगदकाकांनी शाल, नारळ आणि फेटा मागवला. तिन्हीपैकी दोन वस्तू अप्पांच्याच दुकानातून. आणि फेटा बांधावा तर अप्पांनीच. चाळीस वर्षांत त्यांनी बांधलेला फेटा वरातीत कधी सुटला नव्हता.

"काका, हात वर करायचे नाहीत त्यांनी," मी म्हणाले.

"अगं, तेच्यासाठीच तर पैसे जमवायलोत," अंगदकाका म्हणाले. "शेठला खाली बसवू. मग हात कशाला वर जातेत?"

त्रिंबकशेठ बसले. पण बसलेला देणगीदार फोटोत लहान दिसतो, असं कोणीतरी म्हणालं, आणि ते उभे राहिले.

तो फोटो तासाभरात सगळ्यांच्या फोनवर फिरला. खाली ओळ होती : 'पेशंटच्या हातचा फेटा'. दुसऱ्या दिवशी चौघे आले, तिसऱ्या दिवशी नऊ. समितीला धोरण आखावं लागलं. पाच हजारांच्या आत गुलाबाचं फूल, पाच हजारांपासून फेटा, पंचवीस हजारांपासून तुरेवाला फेटा. एकानं चार हजार नऊशे आणून फेट्यासाठी आठवडाभर हुज्जत घातली. परळीहून एक व्यापारी आले. त्यांनी आधी रंग पाहिले, मग रक्कम सांगितली.

अप्पा सुरुवातीला पाच फेट्यांनंतर गठ्ठ्यावर बसून पाणी प्यायचे. पुढं प्रत्येक फेट्यानंतर बसू लागले.

"अप्पा, पुरे आता."

"बांधू दे गं. आपुन दुकानदार माणसं. घेतल्यावर काहीतरी गुंडाळून द्यावंच लागतं."

तीन आठवड्यांत सतरा लाख झाले. एक लाख कमी. शस्त्रक्रिया शुक्रवारी होती आणि पूर्ण रक्कम भरल्याशिवाय रुग्णालय दाखल करून घेत नव्हतं. बुधवारी एका पुढाऱ्याचे स्वीय सहायक सोमनाथ यांचा फोन आला.

"साहेब एक लाख देणार हायत. पण उद्या-परवा दौरा हाय. रविवारी येतेत."

"शुक्रवारी ऑपरेशन आहे हो."

"मग पुढं घ्या की ताई. ऑपरेशन काय, आपल्या हातातलं असतंय. दौरा नसतोय."

मी पुण्याला फोन केला आणि तारीख मंगळवारवर नेली. समितीनं माझ्या समजूतदारपणाची नोंद घेतली.

रविवारी अकराचे साहेब चार वाजता आले. ते उंच होते, म्हणून अप्पांना चौरंगावर चढवलं. फेटा उत्तम बसला. साहेब त्याग या विषयावर चाळीस मिनिटं बोलले. मग दाराएवढा पुठ्ठ्याचा चेक अप्पांच्या हातात देण्यात आला. तो नीट दिसावा म्हणून फोटोवाला "अजून वर, अजून वर" म्हणत राहिला. मंडपाबाहेर सोमनाथनी माझ्याकडून रुग्णालयाचा खाते क्रमांक घेतला, खिशातून फोन काढला, चार-सहा वेळा अंगठा फिरवला. अर्ध्या मिनिटात लाख रुपये पुण्याला पोचले.

अप्पा सोमवारी सकाळी पुण्याच्या वाटेवर गाडीतच गेले. हात मांडीवर होते, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसे.

मातीला सगळे देणगीदार आले होते. सगळे हळहळले. "तारीख पुढं गेली, न्हाईतर..." असं प्रत्येकजण म्हणाला, आणि मी कारण सांगितल्यावर प्रत्येकानं मान डोलावली. साहेबांना वेळच नव्हता, तर कोण काय करणार?

आठ दिवसांनी आई तांदूळ निवडत होती. निवडता निवडता म्हणाली, "शिवकन्ये, ते साहेबाचे पैसे शेवटी फोनवरूनच गेले न्हवं?"

"हो."

"मग बुधवारीच टाक म्हणायचं होतं की तेला. दौऱ्यात काय फोन नसतोय व्हय?"

चौसाळ्यात चहाचे दहा रुपयेसुद्धा फोनवरून जातात. आठ पदाधिकाऱ्यांना हे सुचलं नाही. मला सुचलं नाही.

तारीख मी पुढं नेली, ते तुम्हीही मघाशी वाचलंत. खरं सांगा, तुम्हाला सुचलं होतं?