दुपारी दोनला मान टाकणारा कॉम्प्युटर

"धुळ्यापासून जळगावपर्यंत गुन्हेगार ज्याचं नाव ऐकून घाम पुसतात, तो मी!" अशी स्वतःची ओळख बन्सीलालमामा प्रत्येक गिऱ्हाइकाला करून देत. मे महिन्यात धुळ्यापासून जळगावपर्यंत सगळेच घाम पुसतात, असं त्यांचा भाचा हिलाल मनातल्या मनात म्हणे. मामा तीस वर्षं तिकीट तपासनीस होते. निवृत्तीनंतर गुप्तहेर झाले, पण समोरचा माणूस विनातिकीटच असणार हे धरून चालायची खोड गेली नव्हती. पंचेचाळिशीच्या हिलालची स्कूटर ही त्यांच्या गुप्तहेर संस्थेची एकमेव मालमत्ता.

बोलावणं होतं उत्तमचंद शेठच्या बियाण्याच्या दुकानातून. कपाशीच्या बियाण्यासाठी दारात रांग, आणि बिलांचा कॉम्प्युटर आठवडाभर रोज दुपारी दोनला मान टाकायचा.

"आठवड्यापूर्वीच मेमरीला लाल जॅकेटं घातली," शेठ कॉम्प्युटरच्या उघड्या डब्याकडे बोट दाखवत म्हणाले. "ॲल्युमिनियमची. मेमरी गार राहते म्हणे. स्वतःच बसवली."

"मे महिन्यात जॅकेट?" मामांनी भुवई चढवली. "हिलाल, लिही. संशयित पहिला, जॅकेट."

"मामा, ते पत्रे आहेत. मेमरीची उष्णता ओढून बाहेर सोडतात."

"गुन्हेगाराला तुझ्याकडून हेच वदवून घ्यायचंय!"

मग मामांनी दुकान न्याहाळलं. सोफ्यावर प्लास्टिक, वजनकाट्यावर प्लास्टिक, टीव्हीच्या रिमोटवरही प्लास्टिक. "शेठ ठसे लपवतात," त्यांनी कुजबुजत वहीत लिहायला लावलं. नंतर समोरचा भांडेवाला हंड्यांवरून ऊन परतवून कॉम्प्युटरवर सोडतो, असा शोध लागला. तो सिद्ध करायला हिलाल अर्धा तास उन्हात हंड्यांपुढे उभा राहिला. भांडेवाल्याला दया आली आणि त्याने पाणी पाजलं.

दोनला कॉम्प्युटर बंद पडला. मामा बिलं करणाऱ्या नूतनकडे वळले.

"बाई, तुमचा डबा किती वाजता उघडतो?"

"दोनला. हा बंद पडल्यावर दुसरं काय करू?"

"कबुली!" मामा गरजले. "जेवणासाठी यंत्राचा घात!"

नूतन अकरा वर्षं त्या खुर्चीत होती. असा ठपका घेऊन गेली असती, तर बाजारात दुसऱ्या कुणी तिला दारात उभं केलं नसतं. शेठ मात्र हंगामाच्या धास्तीने बोलून गेले, "उद्यापासून येऊ नका." तिने डबा बंद केला. घास तोंडातच राहिला होता. हिलालला आपल्या मामांची मनापासून लाज वाटली.

"मामा, पुरावा काय?" त्याने जन्मात पहिल्यांदा विचारलं.

मामा पुरावा आठवू लागले. तेवढ्यात टेबलाखाली झाडणाऱ्या कुंदाबाईंचा हात कॉम्प्युटरच्या उघड्या डब्यातल्या पत्र्याला लागला. "आई व! मना हात भाजना!" त्यांनी वाकून पाहिलं. "शेठ, हाई पत्राना खाले प्लास्टिक कसाले ठेयेल शे?"

पत्र्याच्या कडेला पारदर्शक टोक डोकावत होतं. कुंदाबाईंनी ते चिमटीत धरून ओढलं, तर अख्खा पापुद्रा बाहेर आला.

हिलालने कपाळावर हात मारला. "हे सोलून मग पत्रा चिकटवायचा असतो, शेठ! मधे प्लास्टिक असल्यावर उष्णता पत्र्यापर्यंत जाणार कशी? तुम्ही मेमरी उकडायला घातली."

"नवी वस्तू," शेठ पुटपुटले. "प्लास्टिक काढलं की खराब होते ना."

सगळे पापुद्रे निघाले. तीन वाजले, साडेतीन वाजले, बिलं सटासट छापली जात होती.

"माझा संशय पहिल्यापासून प्लास्टिकवरच!" मामा म्हणाले. "वही बघा." वही कुणी बघितली नाही. शेठ पापुद्रे नीट घडी करून खिशात ठेवत होते.

"नूतनताई," त्यांनी घसा खाकरला, "चूक माझी. उद्या नेहमीसारखं या."

नूतनने पडद्यावरची नजर काढली नाही. "येईन. पण हा कूलर अकरा वर्षं तुमच्या गादीकडेच तोंड करून बसलाय. मेमरीची एवढी काळजी घेतली, आता बिलं करणारीचीही घ्या."

रांगेतले शेतकरी शेठकडे बघू लागले. शेठ उठले आणि स्वतःच्या हातांनी त्यांनी कूलर फिरवला. नूतनच्या कपाळावरचे केस उडाले.

"हं, पुढचे कोण?" ती म्हणाली. "नाव सांगा, नाना."