काशीआत्याचा राणी कलर

सुचिताच्या हळदीला भावकीतल्या सगळ्या बायकांनी कुठल्या रंगाची साडी नेसायची, हे ठरवण्याचा मान काशीआत्याला मिळाला आणि तो रंग पत्रिकेवर छापून आणायचं काम सुचिताच्या भावाने, कुंदनने, स्वतःहून अंगावर घेतलं. काम नाजूक होतं. मागच्या लग्नात आत्याला न विचारता रंग ठरला, तेव्हा ती मांडवाच्या दारातून न जेवता परत गेली होती. नंतर दोन वर्षं तिने भावाच्या, म्हणजे कुंदनच्या बापाच्या, रबाळ्याच्या घराची पायरी चढली नव्हती.

"मला पहिली हळद आत्याच्याच हातची पायजे," सुचिताने भावाला बजावलं. "तू घोळ घातलास ना, तर बघ."

घोळ आणि कुंदन? स्वतःबद्दल असली शंका त्याला जन्मात कधी आली नव्हती. आत्याने निवडलेल्या झगझगीत राणी रंगाच्या साडीचा त्याने गच्चीत उन्हात फोटो काढला. पत्रिकेवर त्याची रुंद पट्टी बसवली, खाली 'हळदीला हाच रंग' असं लिहिलं आणि एमआयडीसीतला इसाकभाईंचा छापखाना गाठला.

"आधी एक नमुना काढतो," इसाकभाई म्हणाले. "उजेडात बघ, मग बाकीच्या छापू."

"नमुना कशाला? फोन बघा ना. दीड लाखाचा आहे. यात दिसतो तो कलर म्हणजे एकदम ओरिजनल."

"अरे बाबा, फोनमध्ये उजेड असतो, कागदावर शाई. असला भडक राणी आपल्या शाईत उतरत नाही."

"तुमी टेन्शन नका घेऊ. दिसतंय तसं छापा."

गिऱ्हाइकाला दोनदा सांगायचं आणि तिसऱ्यांदा छापून द्यायचं, असा इसाकभाईंचा चाळीस वर्षांचा नियम होता. त्यांनी छापून दिलं.

गठ्ठे थेट हिरामणच्या, कुंदनच्या बापाच्या, हातात पडले. त्याने पहिली पत्रिका गावदेवीपुढे ठेवली आणि बाकीच्या दोन दिवसांत गावभर वाटून टाकल्या. डीजे ठरवण्यात गुंतलेल्या कुंदनने पत्रिका पाहिली ती तिसऱ्या दिवशी. राणी रंगाच्या जागी शिळ्या वांग्याच्या भाजीचा रंग होता. तो तसाच छापखान्यात धावला.

"इसाकभाई, कलर मेलाय यातला!"

"मी बोललो होतो."

"थांबा." कुंदनने फोनचा ब्राइटनेस टोकापर्यंत सरकवला आणि तीच फाइल पुन्हा पाठवली. "आता बघा कसला उजळलाय. छापा आता."

इसाकभाईंनी चष्मा काढून पुसला. "ब्राइटनेस तुझ्या फोनचा वाढला रे. फाइल होती तशीच आहे. राणीच पायजे तर तयार शाईचा डबा मागवावा लागेल. आठ दिवस."

हळद सहा दिवसांवर होती. पण हार मानेल तो कुंदन कसला! त्याने साडीचा फोटो भावकीच्या ग्रुपवर टाकला आणि लिहिलं, 'पत्रिकेवरचा कलर चुकला आहे. हा खरा कलर.' पाच मिनिटांत ग्रुपवर उत्तरांचा पाऊस पडला. एकीला तो लाल दिसत होता, दुसरीला गुलाबी. तिसरीला जांभळा दिसत होता, पण तिचा फोन मागे मोरीत पडला होता. कुंदनने प्रत्येकीला 'नीट बघा' असं कळवलं. त्या आपापल्या फोनमध्ये नीटच बघत होत्या.

शेवटी शेजारच्या सखूकाकूने निकाल दिला. "पत्रिकेवरचाच बरा. तो सगल्यांच्या हातात येकच हाय. आमी वाशीला निंघालो."

वाशीच्या दुकानदाराने पत्रिका साड्यांना लावून लावून रंग जुळवला. अगदी तंतोतंत. ऐंशी साड्या आल्या. रंग आपणच निवडलेला, म्हणून आत्याने पत्रिका उघडूनही पाहिली नव्हती आणि ग्रुपवर ती नव्हतीच. तिला हे सांगायचं कोणी, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली आणि कोणीही सांगितलं नाही. सुचिताने भावाशी बोलणं टाकलं. कुंदनला जेवण गोड लागेना.

हळदीच्या संध्याकाळी मांडवात ऐंशी बायका वांग्याच्या रंगात उभ्या होत्या. आणि दारात काशीआत्या आली, राणी रंगात लखलखत. ती थबकली. तिने मांडवभर नजर फिरवली. हिरामण पाण्याच्या ड्रमामागे सरकला.

"यो रंग कोनी छापला?"

"मी, आत्या," कुंदन पुढे झाला. बहिणीचा चेहरा त्याला बघवेना. "माझंच चुकलं."

"चुकला?" आत्याने त्याच्या पाठीत असा दणका घातला की तो दोन पावलं पुढे गेला. "आरं, साठ वर्सांत पयल्यांदा मांडवात शिरताना कोनाला इचारावा लागला नाय, पोरीची आत्या कोनची!" आणि पदर सावरत ती तरातरा पाटाकडे गेली. तिने सुचिताच्या गालाला हळद लावली तेव्हा दोघींच्या डोळ्यांत पाणी होतं.

कुंदनने सुटकेचा निःश्वास टाकला, तोच सखूकाकूने त्याला बाजूला ओढलं.

"दिवालीनंतर माझ्या भावाच्या पोराची हलद हाय," ती कानात म्हणाली. "पत्रिका तूच छापायची. आनि असाच चुकव."

कुंदनने वळून पाहिलं. काकूच्या मागे आणखी चौघी थांबल्या होत्या आणि त्यांच्या मागे रांग वाढत चालली होती. मांडवातली प्रत्येक बाई कुणाची ना कुणाची आत्या होती.

"टेन्शन नका घेऊ," कुंदन म्हणाला आणि फोन काढून एकेकीची तारीख लिहून घेऊ लागला.