भाकेकाकांची विधानसभा

रायपूरला कोणी लग्नासाठी येवो की दुखणाईताला भेटायला, आमचे शेजारी भाकेकाका त्याला चहाच्या आधी विधानसभा दाखवतात.

आम्ही राहतो गुढियारीत, स्टेशनाला लागून. विधानसभा नव्या रायपुरात, अख्खं शहर ओलांडून. पाहुण्याने अंघोळीचं नाव काढलं की काका म्हणतात, "अंघोळ काही पळून नाही चालली."

तिथे फाटकाबाहेर त्यांचं सुरू होतं, तेही स्वतः आमदार असल्यासारखं. "राज्य नवं झालं तवा आपन एका शाळेच्या आवारात बसलो. मंग दुसऱ्याच कामासाठी बांधलेल्या इमारतीत किती वर्षं काढले! आता हे सोताचं घर. सभागृहाच्या छतावर धानाच्या लोंब्या हायेत, लोंब्या!" आत जायला पास लागतो, म्हणून छत ते हातवारे करूनच दाखवतात. पाहुणे बिचारे माना वर करून मोकळं आभाळ बघतात.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीला बघायला नागपूरचे पाहुणे येणार होते. नवऱ्याला ऐनवेळी ड्यूटी लागली आणि स्टेशनवर काकांना पाठवायची दुर्बुद्धी मला झाली. गाडी वेळेवर आली, पाहुणे काही आले नाहीत. पोहे गार झाले, पोरीची साडी चुरगळली. जमत आलेली सोयरीक एका इमारतीपायी मोडणार, या विचाराने मला रडू फुटायचं बाकी होतं.

दुपार टळल्यावर दाराशी ऑटो थांबली. मी काकांकडे बघितलंही नाही. मुलाची आई मात्र हात धुवायच्या निमित्ताने थेट स्वयंपाकघरात आली.

"त्यांच्यावर रागावू नका जी," ती म्हणाली. "मी विचारलं, काका, सरकारी इमारतीची एवढी माया काहून? तर म्हणाले, मी भोपाळात बाबू होतो, बायको इथं एकटी, आजारी. राज्य वेगळं झालं म्हणून बदली होऊन घरी आलो. तिचे शेवटचे वर्षं मले भेटले. नाही त फोन आल्यावरच पोचलो असतो. आता आभार कोणाचे मानू? एकटा गेलो त गार्ड विचारते, काय काम हाय. पाव्हणे संग असले की उभं राहू देते."

काका अंगणात बसून काकूंची वेणी घालायचे, ते मी पाहिलं होतं. सकाळपासून ज्या इमारतीवर मी दात खात होते, तिच्याबद्दल मला एकदम कृतज्ञता वाटली.

पाहुणे होकार देऊनच गेले. काका ओट्यावर मान खाली घालून बसले होते.

"माझ्यापायी पोट्टीचं काही बिघडलं त नाही ना?"

"जमलं काका. पण मले कधी नेता? मी कुठं पाहिली तुमची विधानसभा?"

त्यांनी ती मला चारदा तरी दाखवली होती, आणि काका विसरणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"हव," ते म्हणाले. "उद्या सकाळीच निघू, बेटा."