एक तारा डॉक्टरीणबाईंना

दाढ काढून घरी आल्यावर घड्याळवाल्या तात्यांनी एका हाताने गालावर बर्फ धरला आणि दुसऱ्या हाताने मोबाइलवर दवाखान्याबद्दल अभिप्राय लिहिला : 'एक तास दहा मिनिटं ताटकळत ठेवलं. मग दाढ ओढली. डोळ्यांपुढे तारे चमकले, त्यांतला एक देत आहे.'

चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, मिनिटांत चुकणार नाही. फक्त वेळ पाचची दिली होती आणि आपण चारलाच जाऊन बसलो होतो, एवढं लिहायचं राहिलं.

"आणि डॉक्टरीणबाईंच्या बोटाला कडकडून चावलात, ते?" बायकोने विचारलं.

"ती माझी वैद्यकीय माहिती आहे. खासगी."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्रेसष्ट जणांना अभिप्राय आवडला. गिऱ्हाइकं दुकानात येऊन पाठ थोपटू लागली. दवाखान्याची पायरीही न चढलेल्या कुणीतरी 'बाई कसाई आहे' असं ठोकून दिलं. डॉक्टरीणबाईंनी खाली उत्तर दिलं : 'त्रासाबद्दल दिलगीर आहे. रुग्णाची माहिती उघड करता येत नाही, म्हणून अधिक लिहीत नाही.' झालं! लोक आणखीच खवळले. 'काय दडवताय?'

आठव्या दिवशी टाके काढायचे होते. तात्या पाय ओढत गेले. एरवी बसायला जागा नसायची, आज चिटपाखरू नव्हतं. डॉक्टरीणबाई तात्यांच्या जेमतेम खांद्याएवढ्या. स्टुलावर चढून काम करायच्या. बोटाला पट्टी होती. आता वचपा निघणार, म्हणून तात्यांनी डोळे मिटून खुर्चीचे हात घट्ट आवळले. टाके कधी निघाले ते कळलंसुद्धा नाही.

"बाई," तात्या चूळ भरून म्हणाले, "मी चावलो हे तुम्ही सरळ लिहून का टाकत नाही?"

"कसं लिहिणार, तात्या? पेशंटची गोष्ट पेशंटनेच सांगायची. आम्ही दिवसभर लोकांना तोंड उघडायला सांगतो, पण आमचं मिटूनच ठेवावं लागतं."

तात्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकानात पोचताच त्यांनी आधीचा मजकूर पुसला आणि नवा लिहिला : 'मी तासभर आधी गेलो होतो. दाढ काढताना बाईंच्या बोटाला चावलो. त्यांनी हूं की चूं केलं नाही. पाच तारे.' आठ दिवसांत पहिल्यांदा त्यांना मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं.

अर्ध्या तासात उत्तरांचा पाऊस पडला. 'बिचाऱ्या म्हाताऱ्याला धमकावलेलं दिसतंय!' 'असं स्वतःहून कोण कबूल करतं?' 'तात्या, घाबरू नका, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत.'

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून डॉक्टरीणबाई अगदी हळू आवाजात बोलत होत्या.

"तात्या, हात जोडते, तो पहिलाच अभिप्राय परत लावा. तेव्हा मी नुसती कसाई होते. आता गुंडही झालेय."